एका बैठकीतली भाकरी

माझा मित्र गेला त्याला महिना झाला. त्याच्याविषयी लिहायला बसलो की आधी हसू येतं, मग पेन थांबतो.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास मी मॅट्रिक होऊन शाळेतल्या नोकरीची वाट पाहत होतो. तोवर येरमाळ्यात, सडकेवरच्या एका हॉटेलात कपबशा उचलायचो. तो भट्टीवर भजी तळायचा. भजी बांधायची रद्दी मी आधी वाचून मग त्याला द्यायचो, म्हणून तो मला मास्तर म्हणे.

जेवणाची सुट्टी अशी नव्हतीच. प्रवाशांची गाडी उभी नसेल तेव्हा भट्टीमागं उभ्यानं खायचं. दोन घास झाले की हॉर्न वाजायचा, मालक ओरडायचे आणि भाकरी पुन्हा फडक्यात जायची. मालक स्वतः मात्र पाटावर बसून जेवत. ताटावरून उठलं की त्या दिवशी पुन्हा जेवायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. तहसीलदार आले तरी ते उठत नसत.

मित्राचं नुकतंच लग्न झालं होतं. एके सकाळी तो तोंड पाडून आला.

"मास्तर, घरात अबोला हाय."

"का रं?"

"रोज अर्धी भाकरी माघारी जाती. ती म्हनती, माझ्या हातचं ग्वाड लागत नसंल तर मी जाते माहेरी, परंड्याला. मंगळवारी तिचा भाऊ येनाराय न्यायला."

"गाड्यांचं सांगितलं न्हाईस का?"

"सांगितलं की. म्हनती, गाडी काय तुमच्या ताटातून जाती व्हय?"

मंगळवारी दुपारी त्यानं भट्टीशेजारी पोतं अंथरलं आणि मालकांना हात जोडले. "मालक, येडाईचा नेम धरलाय. एका बैठकीत, मुक्यानं जेवायचं. उठलो तर दिवसभर उपाशी. तुमच्यावानीच."

"वा, धर की!" मालक खूश झाले.

तेवढ्यात बार्शीची गाडी आली, गच्च भरून. मालकांनी हाक मारली. तो ठेच्याला भाकरी लावत राहिला.

"अरे, ऊठ ना!"

त्यानं नुसतं येडाई देवीच्या डोंगराकडं बोट केलं. शेवटी मालकांनीच धोतर खोचून झारा धरला. पहिला घाणा काळाकुट्ट निघाला.

"मालक, भजी हायेत का कोळसा?" ड्रायव्हरनं विचारलं.

"मुकाट्यानं खा. आज सगळ्यांचाच नेम आहे."

त्या संध्याकाळी फडकं रिकामं घरी गेलं. मेहुणा पाहुणचार घेऊन एकटाच परतला.

बुधवारी पुन्हा पोतं अंथरलेलं.

"आज कोणाचा नेम?" मालकांनी विचारलं.

"पांडुरंगाचा."

"आणि उद्या?"

"दत्ताचा. परवा शुक्रवार, पुन्ना देवीचाच आला. शनिवारी मारुती..."

मालकांनी कपाळाला हात लावला. "देवांना सोड रे बाबा! जेव रोज बसून. मास्तर, तूही बस. फक्त माझ्या जेवणाच्या वेळी बसू नका."

तेराव्याला मी त्याच्या घरी पंगतीत बसलो होतो. भराभर जेवायची खोड अजून गेलेली नाही. वहिनी समोर येऊन बसल्या.

"सावकाश जेवा, मास्तर. गाडी न्हाय यायची."

मी सावकाश जेवलो. उठताना त्यांनी माझं पान निरखून पाहिलं. मी त्यात काही टाकलं नव्हतं.