स्टुलावरचं गाठोडं

वसूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभा राहून गणपतीचं मखर माळ्यावर चढवत होतो. सख्खी बहीण कल्याणच्या हॉस्पिटलात आणि हा माणूस ठाण्यात घर आवरतोय, असं कुणाला वाटेल, म्हणून सांगतो... हुकूम तिचाच होता. रात्रभर मी तिच्याजवळ बसलो होतो. सकाळी माझी बायको मेधा आली, मी निघालो, तेवढ्यात ताईने डोळे उघडले. "सुन्या, मखर चढवलंस का रे माळ्यावर?" मी म्हटलं, "नाही अजून, दाराशीच आहे." "मग येणारा-जाणारा अडखळेल. आधी ते कर." एवढंच. माणसं जाताना काहीतरी मोलाचं सांगून जातात म्हणे. माझी बहीण मला माळा आवरायला सांगून गेली.

ताईने लग्न केलं नाही. डोंबिवली पूर्वेला आई-बाबांच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्येच ती राहिली, मानपाड्याकडच्या एका रंगाच्या कंपनीत हिशेब बघून रिटायर झाली. उंचीने अगदी आईवर गेलेली, म्हणजे दाराची वरची कडी लावायलाही पाट लागायचा. घरातली सगळी उंची माझ्या वाट्याला आली. अक्कल कुणाच्या वाट्याला आली हे आमच्याकडे कुणी विचारायचं नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या उंचीचा उपयोग वर्षातून एकदा व्हायचा, भाऊबीजेला. लोक दिवाळीच्या आधी घर आवरतात. ताई घर आधी आवरायची, पण माळा मात्र भाऊबीजेवर ठेवायची, कारण त्याआधी तिच्याकडे उंच माणूस यायचा नाही. ओवाळून झालं, बासुंदी-पुरी पोटात गेली, की आतल्या खोलीतून स्टूल यायचं. "चढ." मेधा म्हणायची, "अहो ताई, जेवण तरी उतरू दे त्यांचं." "तो चढला की आपोआप उतरेल."

मग मी वरून एकेक वस्तू खाली द्यायचो आणि ताई पाटावर बसून निकाल द्यायची. बंद पडलेला टेबलफॅन. माझी शाळेतली क्रिकेटची पॅडं, ज्यांच्याशी माझ्यापेक्षा उंदीरच जास्त खेळले होते. बाबांचा रेडिओ, सुक्यामेव्याचे मखमली खोके, प्रेझेंटांचे इस्त्री करून ठेवल्यासारखे कागद. सगळी गाठोडी जुन्या साड्यांची आणि त्यावर साडीच्या काठाची पट्टी. तिची गाठ मात्र अशी, की टोक कुठे आत गेलंय ते सापडायचंच नाही. मी कात्री मागितली की ओरडायची, "कापायचं नाही. नखाने सोड. कापलेल्या काठाने पुढच्या वर्षी काय बांधू, तुझं डोकं?" वस्तू झटकायची, फडक्याने पुसायची, क्षणभर मांडीवर धरायची, आणि म्हणायची, "राहू दे. पुढच्या वर्षी बघू." संध्याकाळपर्यंत सगळं सामान परत वर. घरातून गेलेली असायची ती फक्त धूळ, आणि तीही माझ्या नाकात. एकदा माझी मुलगी सई म्हणाली, "आत्या, याला डिक्लटरिंग म्हणतात." ताई म्हणाली, "आम्ही याला तुझ्या बाबाचा व्यायाम म्हणतो."

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला मी नेहमीसारखा टेबलफॅन खाली दिला आणि परत घ्यायला हात पुढे करून उभा राहिलो. ताई म्हणाली, "टाक." मला वाटलं, चेष्टा करतेय. रेडिओ दिला. त्यावर तिने एकदा हात फिरवला. "टाक." पॅडं, खोके, आईची फुटक्या कडांची परात... टाक, टाक. मी वरून विचारलं, "ताई, बरी आहेस ना गं?" ती हसली. "तुझे गुडघे कुरकुरतात आता. किती वर्षं चढवायचं तुला?" खालच्या भंगारवाल्याला तीन-चार खेपा झाल्या. घरी परत येताना मी मेधाला अगदी विजयी सुरात म्हणालो, "बघ, ताई सुधारली."

तिचे रिपोर्ट नवरात्रातच आले होते. आम्हाला तिने तुळशीचं लग्न आटोपल्यावर सांगितलं. म्हणाली, ऐन सणात कशाला कुणाच्या तोंडची चव घालवायची. पुढे हॉस्पिटलच्या बाकांवर बसून बसून मी ती दुपार पुन्हा पुन्हा आठवली. त्या दिवशी ती एकदाही "पुढच्या वर्षी बघू" म्हणाली नव्हती.

यंदा आमच्याकडे कढई चढली नाही. रीत असते तसे शेजाऱ्यांनी फराळाचे डबे आणून दिले, ते टेबलावर तसेच राहिले. भाऊबीजेला मी डोंबिवलीला गेलो. ताईची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, ब्लॉक रिकामा करून किल्ली द्यायची होती. चार पोती आणि सुतळी घेऊन गेलो, दिवस मोडेल या हिशेबाने. कपाटात घडी घातलेल्या चादरी. ओट्यावर एका माणसापुरती भांडी. माळ्यावर बघायला स्टूलही लागलं नाही, टाचा उंचावल्या आणि दिसलं... वर काहीच नव्हतं. नुसते वर्तमानपत्राचे कागद, कडेपर्यंत नीट अंथरलेले. आमच्यासाठी तिने काही काम ठेवलंच नव्हतं. मला इतकं रिकामं घर नको होतं. मला तिथे धूळ हवी होती, खोके हवे होते. तिला चार शब्द सुनावत, शिंकत उपसायला काहीतरी हवं होतं.

आतल्या खोलीत स्टूल होतं आणि स्टुलावर एक गाठोडं. ते मी वर्षभर बघत होतो. त्यात बाबांनी कामट्यांचा केलेला आकाशकंदील आहे. दरवर्षी ताई त्याला नवा कागद लावायची. गेल्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेनंतर तिने तो उतरवला, साडीत बांधला आणि मी येईन तेव्हा चढवीन म्हणून स्टुलावर ठेवला. त्यानंतर मी गेलो तो प्रत्येक वेळी तिला हॉस्पिटलात न्यायलाच. एकदा विचारलंही, "चढवून टाकू का गं?" तर म्हणाली, "नको, खाली रिक्षा थांबलीय." सगळं घर भंगारात देणाऱ्या बाईने हे एवढं मात्र बांधून ठेवलं होतं. बांधून ठेवतात ते पुढच्या वर्षासाठी...

पोती रिकामीच परत आणली, सोबत फक्त ते गाठोडं. दुसऱ्या दिवशी आमचा स्वतःचा माळा आवरायला काढला. जुने मिक्सर, सुटकेसा, न वाचलेल्या मासिकांचे गठ्ठे, सगळं त्याच पोत्यांत भरलं. मेधा बघत राहिली, कारण साधा खोका टाकतानाही मी चार दिवस विचार करणारा माणूस. वर ठेवलं फक्त मखर, ते तिच्या हुकमाने चढलं होतं. त्याच्या शेजारी गाठोड्यापुरती जागा केली.

मी स्टुलावर चढलो. मेधाने गाठोडं हातात देताना जरा थांबून म्हटलं, "अहो, एकदा उघडून तरी बघा. कागदाला कसर लागली असेल. कात्री देऊ?"

मी गाठीवरून बोट फिरवलं. टोक कुठे आत गेलंय ते याही वेळी सापडलं नाही.

"राहू दे," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी बघू."