आमच्याकडे एक बाई होती

"तेनीयामोस दिएस बाकास," ऐश्वर्या स्पॅनिशच्या वर्गात म्हणाली. आमच्याकडे दहा गाई होत्या. मग म्हणाली, आमच्याकडे खूप आंबे होते. मग जरा थांबली, पंख्याकडं बघितलं, शब्द आठवला आणि म्हणाली, "तेनीयामोस उना मुखेर." आमच्याकडे एक बाई होती. शेण काढायची. आम्ही तिला भाकरी द्यायचो. ती खूश असायची.

कुणाला काही खटकलं नाही. मॅडम म्हणाल्या, "मूय बिएन!" छान. आणि पुढं विचारलं, "कोमो से यामाबा?" नाव काय होतं तिचं?

ऐश्वर्यानं खांदे उडवले. "नो से." माहीत नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ती बाई माझी आई.

टाळ्या का वाजवल्या, हे मला आजही कुणी विचारू नये. हात आपोआप गेले. वर्षानुवर्षांची सवय. गावातले हसले की आपण हसायचं, त्यांनी माना डोलावल्या की आपण डोलवायच्या. नंतर ते हात मला तोडून टाकावेसे वाटले.

आम्ही दोघी माण गावच्याच. ती गावातली, मी बौद्धवस्तीतली. हिंजवडीत स्पॅनिशचा क्लास निघाला तेव्हा दोघींनी नाव घातलं. स्पॅनिश येणाऱ्या पोरींना कंपन्यांत फोनवरचं काम मिळतं, पगार बरा असतो. क्लास संपला की मॅडम शिफारसपत्र देतात. त्या पत्रावर मुलाखतीला बोलावणं येतं. तेवढ्या एका कागदासाठी मी सकाळी चपातीच्या कारखान्यात लाटायला जायची आणि दुपारी वर्गात येऊन बसायची.

त्या दिवशी धडा होता 'तेनेर'चा. तेनेर म्हणजे जवळ असणं. पूर्वी नेहमी काय असायचं ते सांगायची रूपं: तेनीया, तेनीयास, तेनीया, तेनीयामोस, तेनीयाइस, तेनीयान. चपात्या लाटता लाटता मी ती घोकलेली. एकदाही चुकले नव्हते. आणि स्पॅनिश लोक भूक, तहान, भीती, लाज यांनाही तेनेरच लावतात. म्हणजे ज्यांच्याकडं गाई नव्हत्या, त्यांच्याकडंही सांगण्यासारखं बरंच काही होतं की!

आईनं ऐश्वर्याच्या घरच्या गोठ्यात बारा वर्षं काढली. मी लहान होते, तिच्यासोबत जायची. भाकर गव्हाणीच्या कठड्यावर ठेवायचे. हातात कधी दिली नाही. चहाचा कप वेगळा, कोनाड्यात पालथा घातलेला. मी पाणी मागितलं की वरून ओतायचे आणि माझं नाकतोंड भरायचं. पुढं गोठा पाडला, इमारत उठली, आयटीतल्या पोरांना खोल्या दिल्या. आई आता तिथला जिना धुते. आणि कप? तो जिन्याखाली, लाइटच्या मीटरपाशी. गाई गेल्या, शेती गेली, कप काही गेला नाही.

टाळ्या थांबल्यावर मॅडमनी माझ्याकडं बोट केलं. एकीनं सांगितलेलं दुसरीनं सांगायचं, अशी त्यांची पद्धत. "सांग, ऐश्वर्याकडे काय काय होतं?"

मी उभी राहिले. गाई सांगितल्या. आंबे सांगितले. पुढं तोंड उघडेना. वर्गाला वाटलं विसरले. पुढच्या बाकावरच्या पोरानं हळूच सांगितलं, "उना मुखेर."

मग माझं डोकं फिरलं.

"से यामाबा शालन," मी म्हणाले. तिचं नाव शालन होतं. "मी माद्रे." माझी आई. "तेनीया आम्ब्रे. तेनीया सेद." तिला भूक होती. तिला तहान होती. त्यापुढं स्पॅनिश पुरेना. मी ऐश्वर्याकडं वळले. "ती खूश नव्हती. भाकर कठड्यावर ठेवायचा तुमी. बारा वरसं. खूश कशी आसंल?"

ऐश्वर्या लालभडक झाली. मॅडम म्हणाल्या, "अगं, हा भाषेचा क्लास आहे. इथं जातपात कशाला आणतेस?"

"मी न्हाई आणली, मॅडम. ती आधीच हितं बसलीया."

तास सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. आवाज अगदी मऊ. "सोमवारी सगळ्यांसमोर तिची माफी माग. नाहीतर मी पत्र कसं देऊ? या मुलीला लोकांशी नीट बोलता येत नाही, असंच लिहावं लागेल."

घरी आई मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं, टाळ्यांसकट.

"तिला माझं नाव ठावं न्हाई?"

"न्हाई."

"तिच्या बारशाला अंगण सारवलंय मी." मेथीची जुडी तिनं ताटात आपटली. मला वाटलं रडेल. ती भडकली होती. तिला इतकं भडकलेलं मी पहिल्यांदा बघितलं, आणि खरं सांगते, मला लई बरं वाटलं.

"माफी मागू का?" मी विचारलं. "पत्र जाईल. तुझा जिना पण जाईल."

"जिने लई हायेत माणला. माफी मागितलीस तर मला तोंड दावू नकोस."

रविवारी सकाळी ती त्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, "आजपासनं जिना तुमचा तुमी धुवा." ऐश्वर्याच्या बापानं शिव्या दिल्या. आईनं ऐकून घेतल्या नाहीत. ती तिथून थेट पलीकडच्या सोसायटीत काम विचारायला गेली.

सोमवारी वर्ग गच्च भरलेला. सगळ्यांना तमाशा बघायचा होता. मी उभी राहिले.

"मॅडम, मी माफी मागणार नाही. मी खोटं बोलले नाही."

"मग पत्राचं विसर."

"विसरले."

वही उचलली आणि बाहेर आले. पत्र गेलं, त्याची चुटपुट आहेच. पण स्पॅनिशची परीक्षा क्लासबाहेरूनही देता येते, तिला पत्र लागत नाही. फॉर्म मी त्याच दुपारी भरला. तोंडी परीक्षेत आपल्या लहानपणावर बोलायचं असतं. मॅडमनी सगळ्यांकडून एकच गोड गोड लहानपण पाठ करून घेतलंय. ते मी बोलणार नाही. माझं लहानपण मी माझ्या वाक्यांत बोलणार, आणि समोर जो कुणी बसला असेल त्याला ते शेवटपर्यंत ऐकावं लागेल. नापास करा. पुन्हा फॉर्म भरीन, पुन्हा येईन, आणि पुन्हा हेच बोलेन.