धोंडाबाईचं खरं नाव

साहित्याला घाबरणारी माणसं खंडीभर सापडतील, पण साहित्यिकांच्या जिवाच्या धास्तीने ज्याला अन्न गोड लागत नसे असा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच होता, आणि तो आमच्या मावशीचा नवरा होता. सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन काका नवीन पनवेलला राहायला आले आणि तिथेच त्यांना हे वेड लागलं. गणपती गेले की बाकीच्यांना नवरात्राचे वेध लागायचे. काकांना लागायचे ते ऑक्टोबरात परदेशात जाहीर होणाऱ्या साहित्याच्या त्या सगळ्यात मोठ्या बक्षिसाचे. "गेल्या खेपेला कवीला दिलं, म्हणजे यंदा कवी बाद. आता लांबच्या देशातला कोणीतरी म्हातारा शोधून काढतील, बघच तू," हे ते पिशवी घेता घेता दूधवाल्यालाही सांगत. वाचनालयातून जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणायची, शेजारी शब्दकोश ठेवायचा आणि मान मोडेपर्यंत वाचायचं. त्यांच्या संगतीने वडाळे तलावाभोवती फेऱ्या मारणाऱ्या पेन्शनर मंडळींनाही, शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात न धरता, चार-पाच परदेशी लेखकांची नावं तोंडपाठ झाली होती.

इथवर सगळं ठीक होतं. मग एका वर्षी काकांनी छातीठोकपणे ज्याचं नाव घेतलं तो लेखक बक्षिसाच्या आधीच वारला. काका हळहळले. पुढच्या वर्षी दुसऱ्याचं नाव घेतलं, तोही गेला. तिसऱ्या वर्षी त्यांनी मुद्दाम जरा धडधाकट लेखक निवडला, तर तो जिन्यावरून पडून गेला. मेलेल्याला ते बक्षीस देत नाहीत, त्यामुळे काकांच्या मते त्यांनी त्या तिघांचा नुसता जीवच घेतला नव्हता, बक्षीसही घालवलं होतं. "अहो, त्यातले दोघे नव्वदीला टेकले होते," मी समजावलं. "पण मी नाव घेईपर्यंत ठणठणीत होते ना?" आपली जीभ काळी आहे याची त्यांना खात्रीच पटली. आरशासमोर जीभ बाहेर काढून ते तासन् तास न्याहाळत. शेवटी दाताच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी पान बंद करायला सांगितलं. काकांनी पान सोडलं, पण भीती काही सुटली नाही.

बरं, भीती एकट्या काकांपुरती राहिली असती तर बिघडलं नसतं. गावात एक कवी होते, पदरमोड करून संग्रह काढणारे. दर वर्षी काकांना गाठून ते लाजत लाजत विचारायचे, "काका, आमचा नंबर कधी?" एका कार्यक्रमात काका भरात येऊन बोलून गेले, "एक दिवस तुम्हालाही मिळेल हो!" कवींचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाऊन ईसीजी काढला आणि संध्याकाळी काकांच्या दारात येऊन हात जोडले, "काका, उपकार करा, माझं नाव कुठेही घेऊ नका." आम्ही पोट धरून हसलो. पण खरं सांगतो, त्यानंतर काकांनी माझ्या मुलीच्या परीक्षेचा विषय काढला की मी घाईघाईने पावसापाण्याचं बोलायला लागायचो.

तेव्हापासून काका नाव घेईनासे झाले, आणि नेमकं तेव्हाच त्यांना ती म्हातारी सापडली. कुठल्या देशाची, काय लिहिणारी, त्यांनी आम्हाला कधी कळू दिलं नाही. एवढंच कळलं की बाई खूप म्हाताऱ्या आहेत, आजारी असतात, आणि त्यांचं पुस्तक वाचताना काका चष्मा पुसायला वारंवार आत जातात. पुस्तकाला ते वर्तमानपत्राचं कव्हर घालत आणि वाचून झालं की घरात न ठेवता तडक वाचनालयात परत देत. मात्र बोलल्यावाचून राहवत नाही, आणि बोलावं तर नाव घ्यावं लागतं! काकांनी तोडगा काढला तो आपल्या आईचा. काकांच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून आईने यांचं नाव असं काही ठेवलं होतं की यमाला वाटावं, हा दगड नेऊन काय करायचाय! त्याच रीतीने काकांनी त्या परदेशी विदुषीचं नाव ठेवलं धोंडाबाई. शिवाय दृष्ट लागू नये म्हणून तिला शिव्या. "धोंडाबाई काय लिहिते, डोंबल!" असं ते छताकडे बघून मोठ्याने म्हणत आणि आम्हाला हळूच डोळ्यांनी खुणावत की खूप छान, खूप छान.

घरातल्या सगळ्यांना धोंडाबाईची काळजी लागली. जवळच्या कोन गावाहून पोळ्या करायला येणाऱ्या बाई कणीक मळता मळता विचारायच्या, "काका, म्हातारी बरी हाय ना? थंडीचं जपा म्हणावं. आमच्या सासूचं असंच झालेलं, खोकला काय जात नाय." काका गंभीरपणे मान डोलवत.

गेल्या ऑक्टोबरात बक्षीस जाहीर व्हायच्या दिवशी मी तिथेच होतो. दुपारी मोबाईल टेबलावर उभा करून ठेवला होता. ज्या दारातून बाहेर येऊन नाव जाहीर करतात, तिकडचं ते पांढरं दार त्यावर बंद दिसत होतं आणि इथे काका कानांत बोटं घालून भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला हसू येईना. दार उघडलं, कोणी दुसऱ्याचंच नाव निघालं. मी खांद्याला हात लावून सांगितलं, "काका, एका पुरुषाला मिळालं." काकांनी विचारलं, "पण अमुक बाई नुकत्याच वारल्या म्हणून नाही मिळालं, असं तर काही म्हणाले नाहीत ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी चहा मागितला.

यंदा उन्हाळ्यात काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं. ते घाबरलेले होते, पण स्वतःसाठी नव्हे. "मी गेलो तर धोंडाबाईची वाट बघणारं इथे कोणी उरणार नाही रे. तुला नाव सांगून ठेवतो." मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांचा श्वास लागला, ओठ हलले आणि थांबले. मग म्हणाले, "नको. उद्या मी यातून वाचायचो आणि ती जायची. तुझी जीभ तरी कशी आहे कोणास ठाऊक!" आम्ही दोघंही हसलो. काका त्या ऑपरेशनमधून परत आले नाहीत.

परवा ते बक्षीस जाहीर झालं. मी ऑफिसातून लवकर निघून मावशीकडे गेलो होतो. तिकडचं ते पांढरं दार उघडलं, आणि नाव निघालं एका खूप म्हाताऱ्या बाईचं. मोबाईलवर तिचा फोटो आला. पांढरे विरळ केस, गळ्याभोवती लोकरीचा रुमाल, कंटाळलेले डोळे. अशा म्हाताऱ्या लेखिका जगात पुष्कळ असतील. काका हिचंच पुस्तक नेत होते का, याची वाचनालयात चौकशी करावी, असं माझ्या मनात आलं. मावशीने मोबाईल हातात घेऊन फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हीच ती," मावशी म्हणाली.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? जिवंत आहे ना?" मावशी म्हणाली, आणि पदराने मोबाईलची काच पुसत राहिली. मी काही वाचनालयात गेलो नाही.