सहमच्या मळ्यातली जोडीची कुस्ती आणि मुठीतला माझा जीव

सहमला, म्हणजे आमच्या रुवीहून दोन तासांवरच्या या आखाती गावाला, जायचं हो म्हटलं ते समुद्रासाठी आणि लिंबांच्या बागांसाठी. कुस्तीचा मला शून्य उपयोग आहे. पण माझ्या नवऱ्याला, मंगेशला, कुस्तीशिवाय दुसरं काही सुचत नाही, आणि त्याच्या ग्रुपचं वार्षिक संमेलन यंदा सहमच्या एका मळ्यात होतं. "तू समुद्र बघ, आम्ही कुस्ती बघू," असा सौदा झाला. ब्लॉगच्या नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच की मी भित्री आहे. गोलचक्कर आलं की डोळे मिटते, वादीत, म्हणजे इथल्या कोरड्या नदीपात्रात, पाणी घोट्याच्या वर गेलं की परत फिरते. तेव्हा ही पोस्ट धीट लोकांनी जरा सांभाळून घ्यावी.

आधी ही कुस्ती कुठली ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लाल मातीतली नाही. अमेरिकेत पूर्वी प्रत्येक प्रांताची आपापली कुस्ती होती: आपले छोटे हॉल, आपले हिरो, आपले दुष्ट. त्यातल्या जोड्यांच्या कुस्त्या भयंकर असायच्या. दोघांविरुद्ध दोघं, साखळ्या, खुर्च्या, कपाळावरून ओघळणारं रक्त. पुढे मोठ्या कंपनीने सगळं गिळलं आणि झगमगाट आला. आमच्या मंडळींना तो झगमगाट चालत नाही. त्यांना हवं ते मुंग्या आलेलं चित्र, धुरकट हॉल आणि पुढच्या रांगेत चप्पल उगारणाऱ्या म्हाताऱ्या बायका.

हे वेड मंगेशला लावलं विल्सनने. विल्सन वसईचा, अझैबाच्या एका हॉटेलात किचन सांभाळतो. लग्नाआधी हे दोघं रुवीत एकाच खोलीत राहायचे, आठ जणांत एक संडास. विल्सनचा मामा जहाजावर होता, त्याने आणलेल्या कॅसेटी दर शुक्रवारी लागायच्या. एकदा मी विल्सनला विचारलं होतं की एवढं काय आहे त्यात. तो म्हणाला, "वहिनी, मार खाऊन खाऊन माणूस संपतो ना, तेव्हा कोपऱ्यात एकजण हात लांब करून उभा असतो. तिथपर्यंत सरपटत पोचायचं, बस."

शुक्रवारी सकाळी निघालो. शुक्रवारी रुवी लवकर उठत नाही, त्यामुळे रस्ते मोकळे. अझैबाला विल्सनला घेतलं. त्याच्या हातात झाकण घट्ट लावलेली प्लास्टिकची बरणी होती, आत दाट लाल काहीतरी. "बीट आटवून त्यात ग्लुकोज सिरप घातलंय," तो म्हणाला. "रक्त. एकदम ओरिजिनल."

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना अझैबाच्या स्टँडवरून सोहारकडे जाणारी बस मिळते. सहमला उतरून पुढे टॅक्सी करावी लागते आणि भाडं आधी ठरवावं लागतं. गाडीने दोन-सव्वादोन तास धरा. डोंगराकडचा नवा एक्स्प्रेसवे सुसाट आहे, पण वाटेत खायला फारसं काही नाही. आम्ही किनाऱ्याकडचा जुना रस्ता घेतला. रडार जागोजागी आहेत, पाय हलका ठेवा.

बरक्याला थांबलो. तिथला हलवा घ्याच, केशराचा, गरम असताना. शेजारच्या टपरीवर पराठा-ऑम्लेट आणि करक, म्हणजे आटवलेला कडक, चहा, तिघांचं मिळून दोन रियालच्या आत. चहाचा कप तोंडाला लावला आणि विल्सन सहज म्हणाला, "मंगेश, ट्रंक्स आणलीस ना?"

"कसली ट्रंक्स?" मी विचारलं.

मंगेश पराठ्याकडे बघत राहिला. मग कळलं ते असं: ट्रंक्स म्हणजे रिंगमध्ये घालायची आखूड चड्डी, आणि यंदा नुसतं प्रोजेक्टरवर बघायचं नव्हतं, खरी मॅच करायची होती. जुन्या पद्धतीची, रुवी विरुद्ध सोहार. विल्सनचा जोडीदार रजेवर गावी गेला होता आणि त्याच्या जागी माझा नवरा उतरणार होता. त्याच नवऱ्याच्या मानेतली चकती गेल्या वर्षी सरकली होती, दोन महिने तो गळ्यात पट्टा घालून फिरत होता, आणि डॉक्टरांनी त्याला गॅसचा सिलिंडरसुद्धा उचलायचा नाही म्हणून बजावलं होतं.

"काय होवचा नाय गो," मंगेश म्हणाला. तो कुडाळकडचा, लाडीगोडी लावायची असली की मालवणीत शिरतो. "सगळा नाटक असता. तू उगीच भियतंस."

"मान नाटकातली आहे का?"

"वहिनी, मी आहे ना," विल्सन म्हणाला.

मी परत फिरूया म्हटलं, दोनदा म्हटलं. मंगेशने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या ताटातला घास काढून घेतेय. तो दिवसभर लोकांचे एसी दुरुस्त करतो, अर्बाबची, म्हणजे मालकाची, बोलणी खातो, कधी कुरकुर करत नाही. शेवटी मीच आधी गाडीत जाऊन बसले. पुढचा सगळा रस्ता मी त्याच्या मानेकडे बघत होते. सुवैक कधी गेलं, खाबुरा कधी आलं, पत्ता नाही. त्यामुळे त्या पट्ट्याबद्दल माझ्याकडून माहितीची अपेक्षा ठेवू नका.

सहम मात्र छान आहे. छोटं गाव, एका रांगेत दुकानं, मागे खजुराच्या आणि लिंबाच्या बागा, पुढे समुद्र. किनाऱ्यावर कोळी जाळी साफ करत बसलेले असतात, ताजी तारली नि सुरमई मिळते. मळे शनिवार-रविवारी नाही, तर इथल्या सुट्टीला, शुक्रवार-शनिवारी भरतात, हिवाळ्यात आठवडाभर आधी सांगून ठेवा. आमच्या मळ्यात दोन खोल्या, एक पोहण्याचा हौद आणि झाडांखाली भरपूर मोकळी जागा होती. भाडं चाळीसेक जणांत वाटलं की जेवणापेक्षा कमी पडतं. जेवण म्हणजे शुवा, रात्रभर जमिनीतल्या भट्टीत शिजलेलं मटण. सगळे म्हणाले अप्रतिम होतं. मी ताट ठेवून रिंग बघायला गेले.

झाडांखाली रिंग उभी होती. लाकडी पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी, एकाला एक लावून त्यांवर जुन्या गाद्या, वर ताडपत्री, चार कोपऱ्यांत लोखंडी खांब, कापड गुंडाळलेल्या दोऱ्या. मी जाऊन पायाने दाबून बघितलं. मधेच एके ठिकाणी पाय खोल गेला.

"इथे फट आहे," मी म्हटलं.

"गादी आहे हो वर," जोशी म्हणाले. जोशी सोहारला एका कंपनीत अकाउंट्स बघतात. आज ते रेफ्री होते आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट त्यांच्या बायकोने घरी शिवून दिला होता. "या जोडीच्या कुस्त्यांत रेफ्रीचं काम फार महत्त्वाचं. नियम सगळे जुनेच पाळणार आपण."

नियम विल्सनने मला समजावून सांगितले, मला धीर यावा म्हणून. एकाने लढायचं, दुसऱ्याने कोपऱ्यात दोरीबाहेर उभं राहायचं. जोडीदाराने हाताला हात लावल्याशिवाय आत यायचं नाही. आला, तर रेफ्री त्याला ढकलून बाहेर काढणार, आणि तेवढ्यात त्याच्या पाठीमागे दुष्ट जोडी पडलेल्याला दोघं मिळून तुडवणार. प्रेक्षक बोंबलणार. "हेच तर सगळं मॅजिक आहे," विल्सन म्हणाला. "आणि खरंच लागलं का, ते कळायला खूण आहे. मी हात धरतो. मंगेशने दोनदा दाबला तर ओके, नाटक चालू. नाही दाबला तर खलास, मॅच बंद."

ही खूण ऐकून मला उलट जास्तच भीती वाटली. खूण ठेवावी लागते म्हणजे गरज पडू शकते.

असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजानंतर मॅच सुरू झाली. समोरच्या जोडीतले मुख्य दुष्ट होते बशीरभाई, केरळचे, सोहारला टायरचं दुकान, देह दरवाजाएवढा. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चाळीस प्रौढ माणसं लहान पोरांसारखी किंचाळत होती. कुणी कुणाच्या खांद्यावर हात टाकून रडवेला झाला होता. खोटं कशाला सांगू, ते बघून क्षणभर मलाही बरं वाटलं. मंगेशच्या कपाळावर बीट ओघळत होतं आणि तो इतका खूश दिसत होता की मी त्याला तसं आमच्या लग्नातही बघितलेलं नाही.

मग तो दुसऱ्या दोरीवर चढला. दोन्ही हात वर केले. बशीरभाईंनी ठरल्याप्रमाणे दोरी हलवली, आणि मंगेश पाठीवर पडायचा तो मान आणि खांद्यावर पडला, नेमका त्या फटीवर. पॅलेट सरकल्याचा आवाज मी ऐकला.

तो उठला नाही. लोक टाळ्या वाजवायला लागले. "क्या एक्टिंग है!" माझ्या मागचा माणूस म्हणाला. विल्सनने कोपऱ्यातून वाकून हात लांब केला. एका हातात त्याने दोरी धरली होती, कारण ती सोडायची नाही हा नियम. मंगेशचा डावा हात त्याच्यापासून वीतभर लांब होता. विल्सनने ताणून तो पकडला, दाबला, परत दाबला; मंगेशकडून एकदाही उलट दाब आला नाही. त्याचा चेहरा बदलला तो मी बघितला.

"खलास! खलास! मॅच बंद!" विल्सन ओरडत दोरीतून आत घुसला. आणि जोशींनी काय करावं? ते छाती काढून आडवे आले आणि त्याला ढकलत ढकलत कोपऱ्यात नेऊ लागले. हुबेहूब कॅसेटीतल्यासारखं. लोक बेभान झाले. विल्सन खरंच रडत होता, आणि तो जितका रडे तितक्या शिट्ट्या वाढत. पाठीमागे बशीरभाई आणि त्यांचा जोडीदार मंगेशला उचलायला वाकले.

मी कशी उठले आठवत नाही. चपला खुर्चीखालीच राहिल्या. दोऱ्यांतून मी आत शिरले आणि मंगेशवर आडवी झाले. "वहिनी! वहिनी!" असा गजर सुरू झाला, त्यांना वाटलं हाही ठरलेला भाग. मंगेशचे डोळे उघडे होते. तो अगदी हळू म्हणाला, "माझो हात खंय असा?"

हात माझ्या गुडघ्याखाली होता. मी गुडघा टेकवला होता त्याच्यावर, आणि त्याला कळत नव्हतं.

"बशीरभाई, नाटक नहीं है!" मी किंचाळले. बशीरभाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ते तिथेच मटकन बसले. मग उठून त्यांनी जो आवाज लावला त्याने सगळा मळा गप्प झाला. "कोई हाथ नहीं लगाएगा उसको!" त्यांनीच अॅम्ब्युलन्सला फोन केला, अरबीत पत्ता सांगितला. ती येईपर्यंत मी ताडपत्रीवर आडवी पडून मंगेशचं डोकं दोन हातांनी धरून ठेवलं होतं. विल्सन पायाशी बसून प्रार्थना पुटपुटत होता. जोशी पट्ट्यांचा शर्ट काढून बनियनवर उभे होते. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती आणि ती भीती कुठे ठेवू हेही कळत नव्हतं.

सोहारच्या हॉस्पिटलबद्दल प्रवासाच्या ब्लॉगवर काय लिहू? स्वच्छ आहे, नर्सेस बऱ्याचशा केरळच्या आहेत, कॅन्टीनचा चहा बरा आहे. स्कॅन झालं. मज्जातंतूला जबर धक्का बसला होता, तुटलं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा अंगठा हलला, मग मधली बोटं. डॉक्टर म्हणाले बाकीचंही येईल, इन्शाल्ला. ते नेमकं कधी येईल, ते त्यांनी सांगितलं नाही. घरी परतताना गाडी विल्सनने चालवली, आणि तो सगळ्या वाटेत एकदाही त्या कॅसेटींबद्दल बोलला नाही.

आता आम्ही रुवीत, आमच्या घरी आहोत. मंगेशच्या गळ्यात पट्टा आहे, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून बधिर आहे. सहमला जाऊ का, असं कुणी विचारलं तर मी जरूर जा म्हणेन, समुद्र बघा, लिंबं आणा. मी स्वतः मात्र त्या रस्त्याला इतक्यात जाणार नाही.

काल विल्सन आला होता. बराच वेळ दारातच उभा राहिला. "मी दोरी आधीच सोडायला हवी होती," म्हणाला.

"रेफ्रीन तुका सोडूकच नाय, तू काय करतलंस?" मंगेश आतून ओरडला. आणि झालं, जोशी नियमाने बरोबर होते की नाही यावर दोघं वाद घालायला बसले. कुणीतरी मॅचचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता. सगळ्यांनी खाली लिहिलं होतं की इतकी जुन्या वळणाची मॅच त्यांनी वर्षानुवर्षांत बघितली नाही. दोघांनी तो लावला. मी स्वयंपाकघरात होते. मला टाळ्या ऐकू आल्या, शिट्ट्या, विल्सनचं खलास खलास, मग माझी किंकाळी.

"परत लाव," मंगेश म्हणाला.

परत टाळ्या, परत माझी किंकाळी. मग तिसऱ्यांदा. मी बाहेर आले. दोघांची डोकी एका फोनवर वाकली होती, डोळ्यांत तेच जुन्या कॅसेटींचं कौतुक. मी मंगेशच्या हातातून फोन घेतला आणि चित्र थांबवलं. तो दुसऱ्या दोरीवर उभा होता, हसत, दोन्ही हात वर, सगळी बोटं पसरलेली.

"काय झाला गो? आता कशाक भियतंस? मी हंयच बसलंय मा?"

"हा अजून पडायचाय," मी चित्रावर बोट ठेवून म्हटलं.

"फुडे जावंदे गो," तो म्हणाला.

मी फोन पालथा करून मांडीवर ठेवला, आणि त्यांनी मागितला तरी दिला नाही.