डायल टोन आला की झालं

टेलिफोन खात्यात मी बत्तीस वर्षं लाइनमन होतो. विजयदुर्गाकडच्या आमच्या गावात खांबावर चढणारा माणूस एकच, तो मी, दाजी. निवृत्त झालो, पण रुबाब काही उतरला नाही. त्यामुळे वादळात वायर तुटली तेव्हा खात्याच्या माणसाची वाट कोण बघतो? गुडघेदुखी विसरून वर चढलो आणि वाडीतले शेवटचे दोन फोन जोडून दिले. एक माझा, दुसरा शेजारच्या हवाबीचा. मोबाइलला इथे रेंज नाही, म्हणून हे दोन डबे अजून जिवंत. दोन्हीकडे रिसिव्हर उचलला, डायल टोन आला, आणि मी स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतली.

त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी माझा फोन वाजू लागला. विहिरीतून आल्यासारखा आवाज, "अम्मा?" एवढंच. मी "राँग नंबर" म्हणून आपटायचो. एकदा तर नंबर नीट बघून लावावा, यावर व्याख्यानही झोडलं.

तिकडे हवाबी खंगत चालली होती. बोटीवर नोकरीला असलेला तिचा मेहबूब फोन करीनासा झाला होता. दोन महिने दर शुक्रवारी ती जेवण झाकून फोनपाशी बसून राहिली. लाइन उत्तम आहे, मी जातीनं जोडलीय, पोरंच बदलतात हल्ली, असं मी तिला वर समजावलं.

मागच्या शुक्रवारी मी तोंड उघडण्याआधीच पलीकडचा कळवळून म्हणाला, "माझी अम्मा जिती आसा ना? हवाबी?"

दोन घरांच्या वायरी मी उलटसुलट जोडल्या होत्या. डायल टोन काय, दोन्हीकडे येणारच. नंबर लावून खात्री करायची असते, हे नवशिक्यालाही कळतं. मेहबूबला फोन धरून ठेवायला सांगून मी लुंगी सावरत शेजारी धावलो.

हवाबी माझ्या ओटीवर बसून लेकाशी बोलली, रडली, हसली. मग मी तिला सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती.

"मगे तुझे फोन माझ्याकडे येवक व्हये होते, दाजी," ती हळूच म्हणाली. "दोन म्हयन्यात एकव इलो नाय."

पुण्यातल्या माझ्या मुलीला वेळ नसतो, असं काहीतरी मी पुटपुटलो. चुकीची लाज वाटली होतीच, पण हे त्याहून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी जोडणी बदलायला शिडी काढली, तर हवाबी दारात उभी.

"तशीच रवांदे," ती म्हणाली. "शुक्रवारी मी हयच येतंय."