चिंचोळीच्या पुढची ऑर्डर

आधीच सांगते, भूतखेत, करणी, अंगात येणं यातलं काहीही मी मानत नाही. माझे वडील बार्शीला शाळेत विज्ञान शिकवायचे, आमच्या दाराला लिंबू-मिरचीसुद्धा कधी बांधली नाही. असे अनुभव मी चहाबरोबर वाचायचे आणि सोडून द्यायचे. त्यामुळे तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा... मीही हसलेच असते.

आम्ही सोलापुरात, भवानी पेठेत राहतो. वर दोन खोल्या आणि गॅलरी, खाली यंत्रमागाची खडखड. माझा नवरा आनंद चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. ती कंपनी बंद पडली आणि आम्ही बार्बेक्यूच्या ऑर्डरी घ्यायला लागलो. वाढदिवस, जावळ, फार्महाऊसवरच्या पार्ट्या. तेलाचा ड्रम कापून केलेली भट्टी, सळया, कोळशाची पोती आणि एक जुना टेम्पो, एवढाच पसारा. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते. आत्या माळकरी. मटण-चिकन घरात चालायचं नाही म्हणून मसाला लावायलासुद्धा आम्ही वेगळी शेड घेतली. पण धंद्याला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही, इस्तवाला, म्हणजे विस्तवाला, विटाळ नसतो म्हणायच्या. जुना दमा, त्यामुळे दिवसभर गॅलरीत खुर्चीवर बसून.

ऑर्डरीवरून परत आलो की त्या विचारायच्या, आज इस्तू धरत नव्हता काय, आज वारं लई होतं काय. आणि ते बरोबर निघायचं! मला वाटायचं, आमच्या कपड्यांच्या वासावरून ओळखत असतील. मग एकदा मला ताप होता म्हणून आनंद एकटाच कुंभारीला गेला. दुपारी आत्या गॅलरीतून म्हणाल्या, "पेटला बग इस्तू. पन कोळसा वला हाय." मी गंमत म्हणून फोन लावला. आनंद कोळसेवाल्याला शिव्या घालत होता, पोतं ओलं निघालं होतं. कुंभारी आमच्या घरापासून काही हाकेच्या अंतरावर नाही. मी फोन ठेवला आणि विषय सोडून दिला, कारण दुसरं काय करणार?

हळूहळू लांबच्या ऑर्डरी यायला लागल्या. पहिल्यांदा मोहोळला गेलो, तर तिथे भट्टी पेटवली आणि थोड्याच वेळात शेजारणीचा फोन – आत्यांना श्वास घेता येईना, पंप मारूनही उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले हवा बदललीये. नंतर तुळजापूरला तेच. मी म्हटलं, पोरगा लांब गेला की म्हातारीचा जीव घाबरा होतो, बाकी काही नाही. म्हणून एकदा आत्यांना कुंभारी सांगून अक्कलकोटला गेलो. तेच झालं. उलट आनंद एका लग्नाला पुण्याला गेला, नुसता, भट्टीशिवाय, तेव्हा या आरामात शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणजे प्रश्न पोराचा नव्हताच, इस्तवाचा होता.

बाकीच्या केटरिंगवाल्यांचं किती लांब जायचं हे डिझेलवर आणि बर्फावर ठरतं. आमचं ठरलं आत्यांच्या छातीवर. एका बाजूला वळसंग, दुसरीकडे तामलवाडी, पुण्याच्या रस्त्याला चिंचोळी एमआयडीसी. त्याच्या आत त्यांना आमचा इस्तू कळायचा आणि त्या बऱ्या असायच्या. त्याच्या बाहेर आम्ही पेटवला की गुदमरायच्या. लोकांना सासू असते, मला टोलनाका मिळाला होता. आनंद निमूटपणे ऑर्डरी नाकारायचा आणि मी आतल्या आत चिडायचे. त्या खोल्या, ती खडखड, तेच चार रस्ते... मला खरंच कोंडल्यासारखं व्हायचं.

मग उजनीच्या कडेच्या, टेंभुर्णीच्या पुढच्या एका रिसॉर्टवाल्यानं विचारलं. दर रविवारी, वर्षभर. आधी एकदा करून दाखवा म्हणाला. आनंद नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मीच तोडगा काढला. त्यांना इस्तवाचीच सोबत लागते ना, मग त्यांना भट्टीशेजारीच बसवू. आत्या स्वतः तयार झाल्या. म्हणाल्या, माज्यापायी तुमी किती दिवस अडकून ऱ्हाताय.

मोहोळ मागे पडल्यावर त्यांची छाती भरायला लागली, पण भट्टी पेटली की बरं वाटेल असा मी धीर देत राहिले. पोचलो. भरदुपार, समोर पाणी, झाडाखाली भट्टी मांडली आणि आत्यांना शेजारी खुर्ची दिली. कोळसे लाल झाले, जाळीवर पनीर गेलं, चिकन गेलं, माणसं प्लेटा घेऊन उभी राहिली. आत्या घरघरत्या आवाजात म्हणाल्या, "कवा पेटवनार गं?"

"पेटलाय की आत्या. हा काय."

त्यांनी भट्टीकडे पाहिलं. मग उठल्या आणि मी पुढे होईपर्यंत जाळीच्या मोकळ्या कोपऱ्यावर तळहात टेकवून उभ्या राहिल्या. नुसता लावून काढला नाही, टेकवला. मी किंचाळून हात ओढला. हात थंडगार होता, त्यावर डाग नाही, ओरखडा नाही. बाजूलाच चिकनमधून चरबी टपकून चरचरत होती.

"गार हाय की, सुरेखा," त्या म्हणाल्या. "हितं इस्तू न्हाय."

त्यांचे ओठ निळसर झाले होते. आनंदनं हातातला चिमटा रिसॉर्टच्या आचाऱ्याला दिला आणि आईला उचलून टेम्पोत बसवलं. भट्टी तिथेच राहिली, आणि ते कामही.

परतीच्या वाटेवर मी त्यांना छातीशी धरून बसले होते. मोहोळपर्यंत त्या शुद्धीत आहेत की नाही हेच कळत नव्हतं. चिंचोळीच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या आणि त्यांनी एकदम खोल श्वास घेतला. मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. आणि पाठोपाठ त्या ओरडल्या.

"आई गं... पोळला, हात पोळला माजा!"

माझ्या हातात त्यांचा हात होता. तळव्यावर जाळीचे पट्टे लालभडक उठत होते, माझ्या डोळ्यांदेखत फोड धरत होते. टेम्पोत कातडी करपल्याचा वास भरला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अगदी ताजं भाजलंय, घरातच झालं ना? आम्ही हो म्हणालो. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

आत्या आता बऱ्या आहेत. हातावर व्रण राहिलेत. आम्ही चिंचोळीच्या पुढची ऑर्डर घेत नाही आणि मी त्याबद्दल आता चिडतही नाही. वडिलांना फोनवर सगळं सांगितलं, तर ते तुझी तब्येत कशी आहे म्हणाले. ज्यांना याचा काही उलगडा होत असेल त्यांनी जरूर लिहा.

फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी आत्या उठेपर्यंत त्या भट्टीवर मीच उभी होते. कोळसे मी पसरले, सळया मी फिरवल्या. मला धग लागत होती का, हे मी कितीतरी वेळा आठवून पाहिलंय. आठवत नाही. एकदा तिकडे जाऊन इस्तवावर हात धरून पाहिला की कळेल, पण माझी हिंमत होत नाही.