आईचं टीव्हीवर बोलणं आणि माझं छपरावर चढणं

टीव्हीच्या कामासाठी मी पहिल्यांदा छपरावर चढलो, तेव्हाच कुणीतरी खालून शिडी काढून न्यायला हवी होती. पण आमच्या घरात वेळेवर शहाणपण सुचण्याची पद्धत नाही.

मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला. कंपनीच्या बसनं रोज गावाहून जाऊन-येऊन करतो. दिवसभर कंट्रोल रूममध्ये बसून लाल-हिरव्या दिव्यांकडे बघतो, म्हणून वायर, स्विच आणि डबा या तीन गोष्टी आपल्याला जन्मजात कळतात असा माझा समज होता. (घरच्यांचा तसा कधीच नव्हता.) गावातली धानाची शेती आई बघते. ती अजून लुचई लावते. हा जुना धान आता फार कुणी लावत नाही. त्यासाठीच त्या वर्षी कापणीच्या दिवसांत सरकारी टीव्ही केंद्राची माणसं शेतावर आली आणि आईला बांधावर उभी करून तिच्याशी बोलून गेली. मी तेव्हा ड्यूटीवर होतो.

संध्याकाळी घरी आलो तर युद्ध पेटलेलं. आमच्या काकू, म्हणजे आईच्या धाकट्या जाऊबाई, भिंतीपलीकडेच राहतात. त्या दूरच्या बांधावरून सगळं बघत होत्या आणि त्यांनी गावभर सांगून टाकलं होतं की कॅमेरा समोर येताच बाईंची दातखीळ बसली, त्या शब्दही बोलल्या नाहीत. आई म्हणत होती, मी बोलले. काय बोललीस, असं मी विचारलं तर ती तेही सांगेना.

"टीव्हीवर दाखवतीन तवा पाह्यजो," ती म्हणाली. "अन् एकदा दाखवून भागाचं नाई. तुह्या काकूले मले दहा खेपा दाखवाचं हाय. ते भरून ठेवाचं काही येते काय तुले?"

"येते ना," मी म्हणालो. इथं माझं नशीब फिरलं.

चंद्रपूरच्या दुकानदारानं मला डिशचा एक रेकॉर्डिंगवाला डबा दिला. डबा एक, पण सगळ्या घरात टीव्ही दिसणार आणि हवं ते भरून ठेवणार, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं. मी वायर ओढली ती बैठकीतून स्वयंपाकघरात, आणि मोठेपणाच्या भरात भिंतीला भोक पाडून थेट काकूंच्या खोलीत. आता एका डब्यावर तीन टीव्ही चालतात याचा खरा अर्थ मला त्याच रात्री कळला. तिन्हीकडे एकच चॅनल दिसतं! वर प्रत्येक खोलीत एक रिमोट. बाबा बैठकीत कीर्तन लावत, ते अभंगाच्या मध्यावर असताना स्वयंपाकघरातून माझी बायको सुनंदा मालिका लावी, सासू सुनेच्या कानाखाली वाजवणार तेवढ्यात भिंतीपलीकडून काकू कुस्ती लावत. (काकूंना कुस्ती आवडते हे काकांनाही तेव्हाच कळलं.) मी भरायला लावलेल्या पहिल्या कार्यक्रमात थोडं कीर्तन, थोडी मालिका आणि उरलेला सगळा वेळ गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात निघाली. बाबांनी ते तेल मागवलं.

पण खरी गोम पुढेच होती. आईचा कार्यक्रम ज्या सरकारी केंद्रावर लागणार होता, ते आमच्या डिशवर दिसतच नव्हतं. ते फक्त टॉवरवरून, अँटेनावर येई. (तेव्हा टॉवर चालू होता.) दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, अँटेनाचा वेगळा छोटा डबा येतो, त्याला पेन ड्राइव्ह लावला की तोही भरून ठेवतो. मी तो आणला. बाबांची जुनी अँटेना गोठ्यात होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत. कोंबड्यांचा विरोध मोडून मी ती धुतली, लांब बांबूला बांधली आणि छपरावर उभी केली. मग खाली येऊन मोठ्या हुशारीनं डिशची आणि अँटेनाची वायर एकाच जागी खुपसली. तिन्ही खोल्यांत टीव्हीवर एकदमच मुंग्या आल्या.

"सगळ्या घरात सारखं दिसून राह्यलं," सुनंदा म्हणाली. "तुमचं काम पक्कं हाय."

मी हार मानली नाही. डिशचा डबा काढला, अँटेनाचाच तेवढा ठेवला, आणि चित्र आलं. अंधूक, पण आलं. त्या आनंदात मी रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. सकाळी बघतो तर अँटेना मान टाकून गोठ्याकडे बघत होती.

छपरावर आईनं मुंगवड्या वाळत घातल्या होत्या. त्या खायला वानरं येत आणि बांबूवर चढून टेहळणी करत. यावर आईकडे तयार उपाय होता. आमच्याकडे शेतात डुकरं येऊ नयेत म्हणून धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुन्या साड्या बांधतात. आई म्हणाली, डुकराला चालते तर वानराला काऊन नाही? मलाही ते पटलं (मी शिकलेला आहे हे इथं सांगून ठेवतो), आणि दोघांनी मिळून अँटेनाच्या बांबूला वरपासून खालपर्यंत चांगल्या नऊवारी साड्या गुंडाळल्या. वानरांनी त्या साड्यांचा झोका केला. वारा सुटला की साड्यांत हवा भरे आणि अँटेना गरकन फिरून कधी मूल गावाकडे, कधी गडचिरोलीकडे तोंड करी. गावातले दोघेतिघे तर आमच्या घरी कसली पूजा आहे म्हणून विचारून गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी मी रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा आई टीव्हीवर येणार आहे म्हणालो, तर त्यांनी मंजूर करून वर माझ्या तब्येतीची चौकशी केली. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि बैठकीत टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. शेजारीपाजारी अंगणात जमले. काकूही आपला टीव्ही सोडून मुद्दाम आमच्या बैठकीत आल्या. आईचं गप्प राहणं त्यांना समोरासमोर बघायचं होतं. पेन ड्राइव्हचा लाल दिवा लागला, मी देवाला नमस्कार केला आणि कार्यक्रमाचं नाव दिसायच्या आतच चित्र गेलं.

मी शिडीवर धावलो. साड्या ओरबाडून काढल्या, बांबू फिरवला. अंगणात उभी राहून सुनंदा खालची बातमी वर पोचवत होती. आलं, गेलं, आवाज आला, माणूस गेला, नुसता बैल दिसून राह्यला! मी अँटेनाची दांडी दोन्ही हातांनी धरली, तर खालून एकदम कालवा झाला.

"आलं! आरशावानी आलं!" सुनंदा ओरडली. "आता हलू नोका."

मी हात काढला. चित्र गेलं. हात लावला. चित्र आलं. म्हणजे अँटेना बरोबर होती, तिला फक्त माझी गरज होती. आयुष्यात अशी गरज मला फार कुणी दाखवलेली नाही, म्हणून मी दांडी धरून उभा राहिलो. हाताला रग लागली, मानेवर घाम आला. वानरांतला एक हुप्या सावकाश येऊन माझ्या शेजारी बसला आणि माझ्या डोळ्यांत बघत मुंगवड्या खाऊ लागला. मी त्याला शुक केलं असतं, पण त्यातही अँटेना हलली असती. खाली आईची आयुष्यभराची लाज राखायची होती. एखादी वडी गेली तर गेली.

मग खाली सगळे हसले. थोडं थांबून पुन्हा हसले, आणि या वेळी अंगणातल्या काही माना वळून माझ्याकडे वर बघायला लागल्या. मला वाटलं, हुप्याला हसताहेत.

कार्यक्रम संपल्यावर मी उतरलो. कुणी माझ्या नजरेला नजर देईना. काकू पदरानं डोळे पुसत होत्या.

"बोलल्या रे बाई," त्या म्हणाल्या. "मीच खोटी पडली. लय बोलल्या."

काकूंनी सगळ्यांसमोर हार कबूल केली होती! आई पाटावर बसल्यासारखी ताठ बसली होती आणि मला इतका आनंद झाला की मी हाताची रगच विसरलो. रेकॉर्डिंग झालं का बघ, ती म्हणाली. मी पेन ड्राइव्हवरचं लावून बघितलं. झालं होतं, अगदी स्वच्छ झालं होतं. धानाच्या बांधावर आई उभी, आणि तिला एक माणूस विचारतो की तुमच्यानंतर हे लुचईचं बियाणं कोण सांभाळणार?

आई कॅमेऱ्यात रोखून बघत म्हणते, "पोरगा हाय ना माहा. त्याले शेतीतलं काही समजत नाई. कारखान्यात इज बनवते म्हणते, पण घरातला बलब मलेच बदलावा लागते. डोस्क्यानं जरा कमीच हाय. पण त्याची एक गोष्ट चांगली हाय. एकदा धरलं का तो सोडत नाई. मनून बियाणं त्याच्याच हाती देईन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते बियाण्यासाठी आलं की बल्बसाठी, हे अजून ठरलेलं नाही. आईनं मात्र शांतपणे ते पुन्हा लावायला सांगितलं. दहा खेपा बघायचं ठरलंच होतं.

तर अशा रीतीनं मी डोक्यानं कमी असल्याचं सरकारी केंद्रावरून साऱ्या मुलुखाला जाहीर झालं, आणि आमच्या गावाला ते नीट दिसावं म्हणून अख्खा कार्यक्रमभर अँटेना धरून मीच उभा होतो!